ईशानचं तिकीट

१५ जानेवारी २०२२

तिकिटं आली. १९ फेब्रुवारी, मुंबई ते नेवार्क, थेट, सोळा तास. जागा तीन. दोन वर्षांवरच्या मुलाला मांडीवर नेता येत नाही, आणि माझे जुळे रेवा-ईशान आता अडीच वर्षांचे होतील. माझा नवरा निखिल नोकरीसाठी तिकडे गेला तेव्हा ते सहा महिन्यांचे होते. आम्ही तिघांनी दोन महिन्यांनी जायचं होतं. मग सगळंच बंद झालं, व्हिसाची कचेरीसुद्धा. आता शिक्के मिळालेत, मुदत ३१ मार्च. ती चुकली की पुन्हा रांगेच्या शेवटी.

विमान कंपनीचे नियम दोनदा वाचले. दोन वर्षांपासून पुढे सर्वांना मास्क. विमानतळात शिरल्यापासून उतरेपर्यंत. खाता-पिताना तेवढा खाली. नाक उघडं चालणार नाही. न पाळल्यास विमानातून उतरवू. ‘मूल ऐकत नाही’ याला काही सवलत आहे का, शोधलं. नाही.

१६ जाने.

पहिली चाचणी. रेवाने लावला, आरशात पाहिलं, विसरली. ईशानने काढला. पुन्हा लावला, काढला. तिसऱ्यांदा काढून विहिरीत टाकला.

२० जाने.

कानामागचं इलॅस्टिक काचत असावं, म्हणून शिंप्याकडून मऊ कापडाचे शिवून घेतले, नाडीचे. ई. ने नाडी चावली. मग टोपीला बटणं लावून त्यात अडकवले. दोन दिवस बरे गेले. आज बटण काढायला शिकला.

सासूबाई अंगणात बसून बघत होत्या. “इंजिनेर मगो तू? फडक्या बांधूक येना नाय?”

मी इन्स्ट्रुमेंटेशनची आहे, फडक्याची नाही. बटण आणखी घट्ट शिवलं.

२२ जाने. कुडाळ.

मुलांचे डॉक्टर. सवलतीसाठी पत्र मिळेल का विचारलं. त्यांनी ई. ला तपासलं. छाती, कान, घसा. तेवढ्यात ई. ने त्यांचाच मास्क ओढला.

“मुलगा उत्तम आहे,” म्हणाले. “‘काढून टाकतो’ हा आजार नाही. तसं मी लिहून देणार नाही.”

बरोबर आहे. मीही दिलं नसतं.

२६ जाने.

निखिलचा फोन. त्याच्या ओळखीच्या एका कुटुंबाला तिकडच्याच एका देशांतर्गत विमानातून उतरवलं. मुलगी दोन वर्षांची. दारं बंद झाली होती, ती पुन्हा उघडली. सगळे बघत होते. सामान वेगळं मागवावं लागलं.

“मुलगी रडत होती का?” मी विचारलं.

“आई रडत होती,” तो म्हणाला.

मग मुलांशी बोलला. रेवाने पडद्याला पापा दिला. ई. ने फोन उलटा केला. निखिल नेहमी स्वतःच आधी टाटा करतो आणि कट करतो. मुलं कंटाळून वळायच्या आत. दोन वर्षांत एकदाही चुकलेलं नाही.

२८ जाने.

आज जेवताना सासूबाईंनी विषय काढला. त्यांनी तो बरेच दिवस धरून ठेवला असावा, कारण वाक्य तयार होतं.

“बायक घेवन जा. बाबू हय रवांदे आमच्याकडे. निखिल जूनात येतलो, तेवा नेतलो तेका.”

बाय म्हणजे रेवा, बाबू म्हणजे ई. दोघेही समोरच भात सांडत होते.

मी म्हटलं, आई, तो अडीच वर्षांचा आहे.

“निखिलाक आमी हय ठेवललो तेवा तोय तेवडोच होतो. मेलो काय तो?”

आप्पा (सासरे) काटे काढून ई. च्या ताटात मासा ठेवत राहिले.

हे मला माहीत होतं, पण माहिती म्हणून. आप्पा तेव्हा मुंबईच्या गोदीत. खोली एक. थोरली मुलगी शाळेसाठी तिकडे, धाकटा निखिल आजीकडे इकडे, सात वर्षांचा होईपर्यंत. इथे घरोघरी एक मूल गावाला असायचं. त्याला कोणी ‘सोडलं’ म्हणत नाही. ‘ठेवलं’ म्हणतात.

३० जाने.

निखिलला सांगितलं. वाटलं होतं, चिडेल.

“प्रॅक्टिकल आहे,” म्हणाला. “चौघांचं अडकण्यापेक्षा एकाचं चार महिने लांबलेलं बरं. मी जूनमध्ये येतो ना.”

“तू दोन वर्षं येतोच आहेस.”

“मेधा, तो काही परक्या घरी नाही. मीही राहिलो होतो तिथे. मला काय झालं?”

फोन ठेवला. एजंटला विचारलं. ई. चं तिकीट पुढे ढकलायचं असेल तर १० फेब्रुवारीपर्यंत. त्याच्या व्हिसाचं मात्र पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे जून हे नुसतं म्हणायला.

२ फेब्रु.

आप्पा आम्हा सगळ्यांना रवळनाथाच्या देवळात घेऊन गेले. नारळ ठेवून त्यांनी गाऱ्हाणं घातलं, म्हणजे देवाकडे मागणं. मी खांबाजवळ उभी होते.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मागचे चार-पाच जण.

“आज ही तुजी लेकरा दर्यापार बापाशीकडे जातत. तेंच्या वाटेत काय आडनड येयत, ती दूर कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आनी ह्या बाबूच्या तोंडार जां फडक्या बांधतत, तां बापाशीच्या दारात पोचासर सुटाक देव नको रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” यावेळी हसत. एक जण म्हणाला, “आप्पानु, देवाक पयलो मास्क म्हंजे काय तां सांगा.”

ई. सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता. त्याला ओरडायला मिळालं की तो बाकी सगळं विसरतो, हे नोंदवण्यासारखं.

३ फेब्रु.

आप्पांनी घरी तोच खेळ काढला. अट एकच. फडकं तोंडावर असेल त्यानेच ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. काढलं की आप्पा गप्प. आप्पा गप्प झाले की ई. स्वतःच फडकं वर ओढतो.

भाताचं गाऱ्हाणं, मांजराचं गाऱ्हाणं, शेजाऱ्यांच्या स्कूटरचं. अर्धा तास टिकला. आजवरचं सर्वाधिक.

एकदा आलेलं रीडिंग म्हणजे रीडिंग नव्हे. उद्या पुन्हा.

५ फेब्रु.

तीन दिवस टिकतोय. पण आप्पा विमानात नसणार.

म्हणून आज मी बसले. “बा देवा म्हाराजा.” आवाज फाटका आला. मी मिरजेची, मालवणी माझ्या तोंडी बसत नाही. ई. ने माझ्याकडे पाहिलं आणि मास्क काढला. आप्पा पडवीतून म्हणाले, “गो, देवाक आर्डर देतंस काय? मागणा कर मागणा.”

आत जाऊन दार लावून सराव केला. सर्वांसमोर मागण्याची मला सवय नाही. कशाचीच.

७ फेब्रु.

सासूबाई बांगडे साफ करत होत्या. मी शेजारी बसले. मी विचारलं नव्हतं. त्या आपणहून बोलल्या, माझ्याकडे न बघता.

“मे महिन्यात मी येय. पयल्या वर्साक इलंय तेवा हो निखिल म्हातारेच्या लुगड्यापाठी लपान बसलो. म्हणता, ‘आजी, ती मुंबयवाली इली.’”

“मग?”

“मगे काय? चार दिवसांनी जवळ इलो. आठवड्यान गळ्यात पडलो. जूनात मी गेलंय. फुडच्या मे महिन्यात परत लुगड्यापाठी.”

बांगड्याचं डोकं बाजूला टाकलं.

“वाईट वाटलं असेल.”

“वाटान काय करतलंय? खोलयेत आडवा पडाक जागा नाय होती.” पुढचा बांगडा उचलत, “तेका इचारू नको हां. तो इसारलो आसतलो.”

त्या मला हे का सांगत होत्या? ठेव म्हणून, की ठेवू नको म्हणून? अजून कळलेलं नाही.

८ फेब्रु.

निखिलला विचारलंच. “तू आईंना मुंबयवाली म्हणायचास?”

“कोण म्हणालं?”

“आई.”

“मला काही आठवत नाही, मेधा. लहान होतो.” मग मीटिंग आहे म्हणाला.

९ फेब्रु.

सकाळी त्याचा मेसेज. एकच शब्द.

‘आठवतं.’

पुढे काही नाही. ‘दोघांना आण’ असंही नाही. ठरवायचं माझ्यावर ठेवलंय.

१० फेब्रु.

मुदत संपली. एजंटला फोन केला नाही.

१२ फेब्रु.

फोन न करणं म्हणजे निर्णय नव्हे, हे मला कळतं. उतरवलं तर तिघंही उतरू. ३१ मार्चच्या आत पुन्हा जमलं नाही तर व्हिसाही जाईल, निखिलला आणखी वर्षभर मुलं पडद्यावर.

म्हणून चाचणी ठरवली. इथल्या चिपी विमानतळावरून मुंबईपर्यंत विमान आहे. आप्पा सोबत येतील. ई. ने तेवढा प्रवास मास्क ठेवला, तर पुढे न्यायचं. नाही ठेवला, तर २० तारखेच्या विमानाने आप्पा त्याला परत आणतील.

आप्पा म्हणाले, “माजा काढ. पोराचा परतीचा काढू नको. बरा नाय तां.”

दोघांचंही काढलं. चाचणी करायची तर दोन्ही निकालांची तयारी हवी.

१६ फेब्रु.

बॅगा भरल्या. ई. चे दोन सदरे आणि निळी चड्डी सासूबाईंनी दोरीवरून काढलीच नाही. मी आठवण केली.

“वाळाक नाय अजून,” म्हणाल्या.

हात लावून पाहिलं. कोरडे होते. तिथेच राहू दिले.

१७ फेब्रु. मुंबई.

चाचणी झाली. निष्कर्ष नाही.

ई. गाडीतच झोपला. आप्पांच्या खांद्यावर विमानात शिरला, झोपलेला. मास्क तोंडावर. मुंबईला चाकं टेकली तेव्हा जागा झाला.

रडली ती रेवा. कान दुखले. मास्क काढून घट्ट मुठीत धरला. हवाई सुंदरी दोनदा आली, तिसऱ्यांदा उभीच राहिली. जिच्याबद्दल मला खात्री होती तिने काढला. ज्याच्याबद्दल नव्हती तो न तपासता पास.

आप्पा म्हणाले, “आता खंयच्याक परत न्हेव? बायक काय बाबूक?”

ते चेष्टेत म्हणाले. मला हसू आलं नाही.

१८ फेब्रु. मुंबई.

प्रवासाआधीची कोरोना चाचणी. मुलांनाही आवश्यक. नाकात काडी. रेवा किंचाळली, संपलं. ई. ला आप्पांनी आणि मी मिळून धरलं. मी डोकं धरलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, काडीकडे नाही.

त्यानंतर चेहऱ्याजवळ हातसुद्धा नेऊ देत नाही. मास्क दाखवला तर पलंगाखाली. आप्पांनी पलंगाखाली तोंड घालून गाऱ्हाणं सुरू केलं. आतून आवाज आला नाही.

संध्याकाळी रिपोर्ट आले. सगळे निगेटिव्ह. निखिलला कळवलं. तो म्हणाला, “तू जे करशील ते.” हे वाक्य मला आता पुरे झालं आहे. तसं सांगितलं. म्हटलं, तुला काय हवंय ते एकदा बोल.



“मला तो दाराआडून माझ्याकडे बघायला नकोय,” म्हणाला.

१९ फेब्रु. विमानतळ.

टर्मिनलच्या दारापर्यंत आप्पा. आत फक्त तिकीटवाले. ई. आप्पांच्या कडेवर, मास्क माझ्या हातात. पहाऱ्यावरच्या जवानाने विचारलं, किती जण?

“तीन,” मी म्हटलं.

ठरवून म्हटलं असं नाही. पण म्हटलं.

आप्पांनी ई. ला खाली उतरवलं. रडले नाहीत. “मी विमान उडासर हयच उभो रवतंय. काढल्यानी भायेर तर येवा. गाडी करून घराक जावया.”

“आप्पा, उन्हात कशाला? तासन्‌तास लागतील.”

“गोदीत काय सावली होती?”

जवान मास्ककडे बोट दाखवत होता. मी खाली बसले. ई. च्या समोर, फरशीवर, ट्रॉल्यांच्या रांगेत. “बा देवा म्हाराजा,” म्हटलं. ऑर्डर नाही, मागणंच. मागच्या बाईने आपली ट्रॉली जरा लांब घेतली. आवाज चिरकला तरी थांबले नाही. काय काय मागितलं ते लिहीत नाही.

बऱ्याच वेळाने ई. ने हनुवटी वर केली. मी मास्क लावला. ‘व्हय म्हाराजा’ म्हणाला, पण हळू. रेवा मोठ्याने.

सुरक्षा तपासणीत पुन्हा काढला. पुन्हा बसले.

१९ फेब्रु. विमानात, जागेवर.

रेवा खिडकीशी, ई. मध्ये. बसताच एकदा सूचना मिळाली. नाकाखाली होता. वर केला. दुसरी मिळाली. हवाई सुंदरी नम्रपणे म्हणाली, पुढच्या वेळी मला वरिष्ठांना बोलवावं लागेल. मी म्हटलं, समजलं. लोक अजून चढत आहेत. पलीकडचे गृहस्थ आमच्याकडे बघून बायकोला काही म्हणाले.

ई. जागा आहे. झोपेची चिन्हं नाहीत. मास्कवर बोट फिरवतो आहे. काढत नाही, सोडतही नाही.

आप्पांचा फोन.

“दार लागला?”

“नाही अजून.”

“बाबू काय करता?”

“बसलाय.”

“फडक्या?”

“आत्ता आहे.”

मागे गाड्यांचे हॉर्न. कोणीतरी त्यांना बाजूला व्हायला सांगत होतं.

“बरा,” म्हणाले. “मी हयच आसंय.”