नारिंगी केस

१२ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी कंबर कशी आहे? बोटींच्या तळाशी वाकून वाकून ती धरणारच, हे सांगून मी थकले.

लिहिण्यास कारण तुझा भाचा. लंबूला केस रंगवायचेत, आणि तेही भडक नारिंगी! ह्यांनी ऐकलं आणि जेवता जेवता उठले. म्हणाले, घरात जोकर नको. पण दादा, गेल्या उन्हाळ्यात दोघे मित्र तलावात पोहायला गेले आणि हा एकटाच परत आला, तेव्हापासून त्याने पहिल्यांदाच काही मागितलंय. त्या मुलाची आई, आमच्या काजवाल्या वहिनी, शिवणकारखान्यात माझ्या शेजारच्याच मशीनवर बटणांची काजं करतात. मुलगा शेवटपर्यंत सापडला नाही, म्हणून त्या अजून वाट बघतात. त्यांच्यासमोर पोराचे लाड करायचे म्हणजे मला चोरट्यासारखं होतं. काय करू, सांग.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी धाकटी

२० एप्रिल

चि. धाकटीस,
अ. आ.

कंबर अजून जागेवर आहे. लंबूला खुशाल रंगवू दे. केस काय, येतात नि जातात. माझे तर न विचारताच गेले. तू बाबांच्या वस्तऱ्याने भुवया उडवल्या होत्यास, तेव्हा आईने काजळाने नव्या काढून तुला शाळेत धाडलंच ना? मेव्हण्यांना सांग, मुक्या पोरापेक्षा जोकर परवडला.

सगळ्यांवर जीव आहे, तुझ्या लेकीवर, छोटीवर, अंमळ जास्त.
दादा

२ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रंगवले एकदाचे. बेसिन, टॉवेल, उशीची खोळ, सगळं नारिंगी झालंय. ह्यांनी अबोला धरलाय.

पण आरशात बघून लंबू हसला नाही. मला गच्चीत उभं केलं, स्वतः गल्लीच्या टोकाला गेला आणि तिथून ओरडून विचारलं, दिसतोय का? मग आणखी लांब गेला, पुन्हा तेच. मी म्हटलं, अरे, चंद्रावरूनही दिसशील! तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं.

हल्ली मैदानावर जातो म्हणतो, पण येतो तेव्हा नखांत चिखल असतो. छोटीला घड्याळ धरून बसवतो आणि तोंड लाल होईपर्यंत श्वास रोखतो. यंदा तलाव फार उतरलाय, बुडालेल्या झाडांचे शेंडे वर आलेत. वहिनींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही.

आठवण ठेव, रागावलास तरी चालेल.
धाकटी

७ मे

चि. धाकटीस,
अ. आ.

पत्र मिळताच हातातलं काम टाक आणि मेव्हण्यांना घेऊन तलावावर जा. पोराला आधी घरी आण, मग पुढचं वाच.

आमच्याकडे बोटीवर बुडू नये म्हणून घालायची जाकिटं याच रंगाची असतात. काळं डोकं पाण्यात दिसत नाही. मित्र का दिसला नाही, असं लंबूने विचारलं होतं, तेव्हा मीच त्याला हे सांगितलं होतं. त्याला ओरडू नका. नुसतं धरून ठेवा.

दादा

११ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र एक दिवस उशिरा पोचलं. घाबरू नकोस, लंबू वाचलाय.

पंपघराच्या पहारेकऱ्याला पाण्यात काहीतरी भडक खालीवर होताना दिसलं. एकदा ते खाली गेलं आणि वर आलंच नाही. त्याने उडी मारली. लंबूचा पाय बुडालेल्या झाडाच्या फांदीत अडकला होता. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, मी त्याला शोधत होतो. आणि मी बुडालो असतो, तर तुम्हाला निदान मला शोधावं लागलं नसतं. दादा, हे त्याच्या पायाशी बसून लहान मुलासारखे रडले.

संध्याकाळी वहिनी आल्या. पुन्हा पाण्यात जाणार नाहीस असं वचन दे, म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या. त्याने भिंतीकडे तोंड केलं.

आज सकाळी छोटीची वेणी घालत होते. तिने हळूच विचारलं, मलाही तोच रंग लावशील? कशाला गं, म्हटलं, तर म्हणाली, लंबूदादा दमला ना, आता मी जाते.

मिळेल त्या गाडीने ये.
धाकटी