कच्च्या खिम्यातलं मीठ

अम्मा, परांड्यात आपल्या गल्लीत कुणाकडंही कबाब असले की मिठासाठी तुम्हालाच बोलावणं यायचं. पाट्यावर वाटलेला कच्चा खिमा तुम्ही बोटावर घ्यायचात, जिभेवर ठेवायचात, डोळे मिटायचात, गिळायचात आणि म्हणायचात, "चिमूटभर और." अंदाज कधी चुकला नाही.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. धुवायच्या कपड्यांत, तुमच्या परकरावर, मला भोपळ्याच्या बीसारखं पांढरं काहीतरी दिसलं. ते हलत होतं. मी हाक मारायच्या आत तुम्ही माझं मनगट धरलंत. "अब्बा को नक्को बोल." म्हणजे तुम्हाला आधीच माहीत होतं. कितीही भाकरी खाल्ली तरी तुमची भूक भागत नव्हती, आणि अंग वाळत चाललं होतं. तुम्ही जाणार, असंच मी धरून बसले होते.

मीच हट्टानं दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "फितीसारखा लांब जंत हाय पोटात. मटण कच्चं खाता का?"

"कच्चं? आम्ही काय लांडगे हाय का?"

"मग शेजारच्या शेळ्या वाचल्या म्हणायच्या."

मी हळूच म्हटलं, "अम्मा, मीठ." भर बाजारात मी तुमचा बुरखा ओढून काढल्यासारखं तुम्ही माझ्याकडं पाहिलंत.

डॉक्टरांचं हसू गेलं. मोठ्याच्या, म्हणजे गाय-बैलाच्या मटणातनं हा येतो, नीट शिजलं की मरतो, असं त्यांनी समजावलं. "औषधानं पडंल. पण त्याचं डोकं पडलं का बघा. ते आत राहिलं तर परत वाढतंय."

सकाळी उपाशीपोटी तुम्ही औषध घेतलंत. मी परसदारी, संडासाबाहेर उभी. तुम्ही बाहेर आलात, तोवर सगळ्यावर राख टाकून झाली होती.

"मुंडी निकली?"

"निकली बोली ना. चल, पेज दे."

तुम्ही खरंच पाहिलं होतंत का? की मला बघू द्यायची तुम्हाला लाज वाटत होती, म्हणून नुसतं तसं म्हणालात?

पुढं तुम्ही खिम्याची चिमूट तव्यावर भाजून चाखायला लागलात. असं मीठ कळतच न्हाय, म्हणून कुरकुरायचात. हळूहळू अंग भरलं. शेजारणींना कौतुकानं सांगायचात, पोरगी मला कपड्याला हात लावू देत न्हाय.

आता तुम्ही नाहीत, हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून लिहिते. ती सेवा नव्हती, अम्मा. भिजवायच्या आधी प्रत्येक परकर उलटा करून मी उन्हात धरायचे. तुम्ही चांगल्या बऱ्या झाल्यावरही, माझं लग्न होईपर्यंत. पुन्हा तसं पांढरं काही दिसलं असतं तर तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगायचं, ते मात्र मला कधीच ठरवता आलं नाही.