आजीचं उरलेलं बोलणं

फरवानिया, कुवेत
९ फेब्रुवारी २०२४

ती. वासंतीआत्यास,
चारुताचा सा. न. वि. वि.

फोनवर दोन मिनिटांत ‘बरं, ठेवते’ म्हणतेस, म्हणून हे पत्र सुट्टीवर गावी निघालेल्या सुदेशबरोबर पाठवतेय. घरी सगळे बरे. अक्षराला मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. तू रागावू नकोस, मी रोज रागावते.

आमच्या ऑफिसात चहा-साफसफाई बघणारी एस्थर केनियाची. जंगलातून मध काढणारी तिची माणसं. मुलांनी शेजारच्या गुराख्यांची भाषा उचलली, नातवंडांनी शाळेतली. जुनी भाषा बोलणारी आता एकटी तिची आजी उरलीय. एस्थरला ती समजते, बोलता जेमतेम येते. मधमाश्या, झाडं, ढोल्या, सगळ्यांची नावं त्या म्हातारीपाशी. दर शुक्रवारी फोनवर बोलताना एस्थर रेकॉर्ड करते. मोबाइल भरला तेव्हा तिने सगळं माझ्याकडे सोपवलं आणि आपल्याकडचं काढून टाकलं. मी आठवडाभर बसून, एस्थरला विचारत, चारशे बारा शब्द आवाजासकट कापून वेगळे केले, अर्थासह एक्सेलमध्ये लावले. खोकला, कुरकुर, तेच ते बोलणं उडवलं. अकाउंटंट भाची आहे तुझी, पसारा खपत नाही.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी,
चारुता

चिपळूण
२० फेब्रुवारी

चि. चारुतास अनेक आशीर्वाद.

सुदेशने पत्र आणि खजूर दोन्ही पोचवलं. कष्ट केलेस, शाबास. पण एक खुपतंय. ‘आत्या’ हा एक शब्द झाला. काही हवं असलं की तू तो कसा लांबवतेस, ते कुठल्या रकान्यात लिहिशील? उडवलंस म्हणजे कुठे ठेवलंस? पुसलं नाहीस ना? कालपासून मन थाऱ्यावर नाही. आधी हे कळव, मग बाकीचं.

अक्षराला पापा. आमची आठवण धरून असा.
वासंतीआत्या

फरवानिया
८ मार्च

ती. आत्यास सा. न.

पुसलंय. तुझं पत्र यायच्या आधीच.

मंगळवारी एस्थरची आजी गेली. रजा मिळाली नाही, तिला जाता आलं नाही. काल तिने मूळ रेकॉर्डिंग मागितलं. मी माझी शीट उघडून दिली. तिने एकेक शब्द ऐकला, शेवटपर्यंत. मग हळूच विचारलं, “मॅडम, ती मला ओरडते, ते कुठे आहे?”

दर फोनला आजी आधी दहा मिनिटं तिला झापायची म्हणे. जेवलीस का, आवाज का बसलाय, लग्न म्हातारी झाल्यावर करणार का. ते मी पुसलं, असं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “शब्द मला येत होते. त्या भाषेत मला ओरडणारं आता कोणी नाही.”

पुसलेलं परत मिळतं का म्हणून तीन दुकानं फिरले. नाही मिळत. आज सुट्टी, तिला घरी बोलावलं. आठवेल तसं बोल, मी काही कापणार नाही, म्हटलं. दोन वाक्यं ती झरझर बोलली, अगदी आजीच्या ठसक्यात, आणि हसली. तिसऱ्याला थांबली. हे आजीचं, की आत्ता आपणच जुळवलं, ते तिला सांगता येईना. विचारायचं कोणाला, म्हणाली.

माया असू दे, आत्या. आज ती फार हवी आहे.
चारुता