आठवीच्या नऊ मुलींबाबत

मी, श्रीपाद रघुनाथ सामंत, वय वर्षे त्रेसष्ट, निवृत्त मुख्याध्यापक, राहणार मौजे देऊळमळा, धामापूरच्या पलीकडे, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाखाली न येता व कोणत्याही सल्लागाराचा सल्ला न घेता हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात खरे फार थोडे होते. हृदय थकले आहे असे कणकवलीचे डॉक्टर म्हणतात. मला ते न तपासताही कळत होते.

१. माझी पत्नी लीला चार वर्षांपूर्वी वारली. मूलबाळ नाही. पुतण्या अप्पा याने माझे आजारपण कुरकुर न करता काढले, सबब कलमांची बाग त्याला द्यावी. बागेचे काही अडले तर त्याने बाबली गड्याला विचारावे. बाबली बोलतो थोडे आणि झाड आधी बघतो.

२. पोस्टातल्या शिल्लकेतून माझे दिवसकार्य साधेपणाने करावे, गावजेवण घालू नये. उरेल ती सर्व रक्कम बाबलीची मुलगी शेवंती हिला द्यावी. ती माझी विद्यार्थिनी. लीला गेल्यापासून दोन्ही वेळची पेज-भाकरी तीच करून देते. ती नको म्हणेल, तरी द्यावी.

३. माझी पुस्तके व नकाशे शाळेला द्यावेत. छडी चुलीत घालावी.

४. माझे राहते घर, पडवी व विहिरीसह, आमच्या शिक्षण संस्थेस द्यावे. तेथे मुलींसाठी आठवी ते दहावीचे वर्ग चालवावेत. मात्र एक अट आहे. खालचा मजकूर संस्थेच्या वार्षिक सभेत, मुंबईच्या मंडळींसमोर, मोठ्याने वाचून इतिवृत्तात नोंदवावा. तसे न केल्यास घर संस्थेस मिळणार नाही, अप्पाने ते विकून टाकावे.

तो मजकूर असा.

आमची शाळा सातवीपर्यंत होती. आठवीचा वर्ग आम्ही हट्टाने काढला. पैसा मुंबई कमिटीचा, म्हणजे मुंबईत गिरणगावात राहणाऱ्या आमच्याच गावच्या मंडळींचा. वर्ग चालू ठेवून पुढे नववी काढावी की नाही हे ठरवण्यासाठी त्यांनी पुण्याहून एक शैक्षणिक सल्लागार नेमले. ते ९ डिसेंबर १९८२ रोजी आले. वर्गात नऊ मुली व सोळा मुलगे होते.

आमच्याकडे साहेब यायचा म्हटला की त्याला शाळेतच जेवू घालायचे, आणि रांधायला थोरल्या वर्गाच्या मुली. कोणाला त्यात वावगे वाटत नसे, मलाही वाटले नाही. सकाळीच मी नऊही मुलींना शेजारच्या रुक्मिणीकाकूंच्या स्वयंपाकघरात धाडले. घावने आणि नारळाचा रस, काळ्या वाटाण्याचे सांबारे, सोलकढी असा बेत होता. शेवंती तेवढी दारात थांबली. म्हणाली, "गुरुजी, आज गणिताची चाचणी आसा."

मी म्हटले, "तुझे घावने बरे जातत. गणित उद्या बघूया."

ती गेली. हजेरीपटावर मी नऊही जणींची हजेरी मांडली.

सल्लागारांनी वर्ग पाहिला, बाके मोजली, हजेरीपट चाळला, दोन वेळा घावने मागून घेतले आणि दुपारच्या एस.टी.ने गेले. महिन्याने अहवाल आला. 'आठवीत प्रत्यक्ष पाहणीत एकही मुलगी आढळली नाही. या भागातील पालकांना मुलींच्या शिक्षणाची ओढ नाही. वर्ग चालवणे व्यवहार्य नाही.' मुंबईच्या चिटणिसांनी मला पत्राने विचारले की हजेरीपटावर नऊ मुली आहेत आणि अहवालात एकही नाही, तर खरे काय?

एका ओळीचे उत्तर होते. मुली मीच चुलीपुढे बसवल्या होत्या. निवृत्तीला पाच महिने उरले होते. साहेबाच्या जेवणासाठी वर्ग मोडला हे कागदावर यावे असे मला वाटेना. मी लिहिले की मुली घरच्या कामामुळे गैरहजर होत्या आणि हजेरी चुकून पडली. चुकून! ज्या आयाबापांनी उपाशी राहून पोरींना शाळेत घातले, त्यांच्या माथी मी माझे पाप मारले.

जूनमध्ये आठवी उघडली नाही, नववी निघालीच नाही. मुलगे कणकवलीस नातेवाइकांकडे राहून शिकले. मुलींना परक्या घरी कोण ठेवणार? नऊपैकी एकही पुढे शिकली नाही.

गाव सल्लागारांच्या नावाने बोटे मोडत राहिले. त्यात मीही मान डोलावत असे. पुढे संस्थेने आणखी दोन सल्लागार आणले. एकाने शाळेपुढे बाग करा म्हटले. बाग झाली. दुसऱ्याने बागेत मुलांचा वेळ जातो म्हटले. बाग काढली. हे सांगताना मला हसू यायचे, आता तेही येत नाही. बाहेरचा माणूस चार तासांत काय बघणार? जे दाखवले तेच. दाखवणारा मी होतो. सबब पुण्याच्या त्या गृहस्थांवरचा माझा सहा वर्षांचा राग मी या मृत्युपत्राने रद्द करतो. त्यांचा दोष असेल तो त्यांच्यापाशी, माझा मी उचलतो.

५. वरील मजकूर मी गेल्या सोमवारी शेवंतीला वाचायला दिला. ती रडेल किंवा भांडी आपटून निघून जाईल, असे मी धरून चाललो होतो. तिने दोनदा वाचले, कागद नीट घडी करून परत दिला, आणि म्हणाली, "गुरुजी, तो मनुष्य तेवा सैपाकघरात पाणी मागूक इलो होतो. आमी नव जणी थंयच होतंव. त्येणी इचारूक नाय, आमी सांगूक नाय."

मी विचारले, का नाही सांगितलेस?

"तुमी सांगशात, असां वाटला."

तिने चहा ठेवला. मी तो प्यालो.

६. सबब आणखी एक अट घालतो. यापुढे संस्थेने खुशाल सल्लागार नेमावा, मी त्याला आडवा येत नाही. मात्र त्याने आधी या घरात येऊन मुलींशी बोलावे, तेथे मुख्याध्यापक हजर नसावा, आणि मुलींचे म्हणणे त्यांच्याच सहीने अहवालाला जोडावे. त्या दिवशी शाळेत चूल पेटू नये.

७. शेवंतीला या पत्राने काही मिळत असल्याने तिची साक्ष चालत नाही, असे ऐकून आहे. म्हणून तिच्या वर्गातल्या मथुरेस सासरहून बोलावून घेतले. सही करण्याआधी तिने सगळा कागद स्वतः वाचला, मी वाचून दाखवला नाही. खालच्या रकान्यात काय भरायचे तेही तिने स्वतःच भरले. ते तसेच राहू द्यावे.

ठिकाण : देऊळमळा
दिनांक : २१ ऑक्टोबर १९८८

(सही) श्रीपाद रघुनाथ सामंत

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष मी सही केली व ज्यांनी माझ्यासमक्ष सह्या केल्या :

१. (सही) धोंडू लवू परब, वय ५८, धंदा : शाळेचा शिपाई, निवृत्त

२. (सही) सौ. मथुरा विठोबा गावडे, वय २०, धंदा : घरकाम. शिक्षण : आठवी. ९ डिसेंबर १९८२ रोजी हजर.