दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची मोटार

आबा, तुमच्या होडीची मोटार चालू झाली. तरी सकाळपासून मला एका जागी बसवत नाही. धरणावर जातो, होडीत पाय ठेवतो, परत घरी येतो. आई चुलीपाशी दिसली की पुन्हा बाहेर पडतो. रजेचा एवढा एक दिवस उरलाय, तर तुम्हालाच सगळं लिहून टाकावं म्हणून बसलोय. मध्येच उठलो तर समजून घ्या.

तुम्ही गेल्याला बारा वर्षं झाली. तेवढ्या दसऱ्यांत आईने होडीच्या पूजेला हात लावला नाही. मी आपला कान्हे गावच्या कंपनीतून घाईघाईने यायचो, मोटारीपुढे नारळ फोडायचो, झालं. ती काठावर लांब उभी राहायची. यंदा मला काय वाटलं कोण जाणे, म्हटलं, आई, तूच कर. "माज्या हातनं? आन् लोक काय म्हनतील?" मी म्हटलं, लोकांचं माझ्यावर सोड. मग काय विचारता. पहाटेच अंघोळ, ठेवणीतलं लुगडं, झेंडूची माळ स्वतः ओवलेली. मला मोटारीचं झाकण काढायला लावलं, वरच्या मोठ्या चाकाला हळदकुंकू माखलं आणि फुलाने पाणी शिंपडलं, तेही चांगलं सढळ हाताने. इतक्या खुशीत मी तिला किती वर्षांत बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धरणाकाठच्या तंबूवाल्यांचे पाहुणे तिकोना किल्ल्याच्या बाजूने पलीकडे न्यायचे होते. दोरी ओढली, काही नाही. ओढून ओढून खांदा निखळायची वेळ आली, इंजिन ढिम्म. प्लग काढला, वायरीला जोडून इंजिनाच्या अंगाला टेकवला आणि दोरी ओढली. ठिणगी नाही. नवा प्लग लावला, तरी नाही. मोटार बंद करायच्या बटणाची वायर सोडवून बघितली, म्हटलं तीच कुठे टेकून करंट खात असेल, तर तेही नाही. कामशेतला जाऊन जुनीच पण चालू कॉइल शोधून आणली, बसवली, आणि परत तेच. तीन दिवस असे गेले. पाहुणे दुसऱ्याच्या होडीतून गेले, मी काठावर ग्रीसने बरबटलेले हात घेऊन बघत बसलो. त्यात आई दर चहाला एकच बोलायची, "ते असते तर एका झटक्यात चालू केली असती." पहिल्यांदा मी हसलो. नंतर नंतर पेला आपटायला लागलो.

तुम्ही म्हणायचात, "आधी डोळं, मग पाना." माझं नेहमी उलटं. काल, चौथ्या दिवशी, त्या चाकाला खालचे ठिणगीचे पॉइंट साफ करायला जी खिडकी ठेवलेली असते तिच्यातून एकदाचं आत बघितलं. पिवळंधमक. हळदीचं पाणी झिरपून दोन पॉइंटांच्या मधोमध वाळून बसलेलं, ठिणगी पडणार कुठून. आणि बघताक्षणी मला तुम्ही दिसलात. मी कॉलेजात आहे, दसऱ्याचा दुसरा दिवस आहे, तुम्ही होडीत उकिडवे बसून लग्नपत्रिकेची कातरलेली पट्टी त्या खिडकीतून सरकवताय, पॉइंटांच्या मधून ओढताय, पट्टी पिवळी होऊन बाहेर येतेय. मी म्हणतो, तिला सांगा ना, झाकण लावून पूजा कर म्हणून. तुम्ही वर न बघता म्हणता, "झाकनाची पूजा करती व्हय ती?" आणि जरा वेळाने, "आईला बोलू नगंस." मी हो म्हटलं होतं, आबा.

तेवढ्यात आई चहा घेऊन खाली आली. "सापडलं का रं?" मी पिवळं बोट तिच्यापुढे धरलं. म्हटलं, ही बघ तुझी पूजा. दर दसऱ्याला हेच व्हायचं. आबा दुसऱ्या दिवशी गुपचूप साफ करायचे. ती बोटाकडे बघत राहिली. "मला तर म्हनायचे, तुजा हात लागला की वरीसभर मोटारीकडं बघाया लागत न्हाई." मी बोट फडक्याला पुसलं. "मंजी खोटं बोलायचे व्हय ते?" चहा होडीच्या फळीवर ठेवून ती चढण चढून घरी गेली.

रागाच्या भरात तोंडातून निसटलं, असं माझ्या बायकोला सांगितलं, पण ते खरं नाही. तीन दिवस 'ते असते तर' ऐकून माझे कान किटले होते. तुम्हाला तिच्या नजरेत जरा खाली आणायचं होतं मला. तुम्ही राहिलात तिथेच, खाली आली ती. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी घरात बघतो तर हळदकुंकवाचा करंडा फळीवर पार वर, डब्यांच्या मागे सरकवलेला. पुढच्या दसऱ्याला ती काठावरसुद्धा येणार नाही, हे तिने न सांगता कळलं. म्हणून आज सकाळी तिला हट्टाने खाली नेलं, पॉइंट कालच पुसून ठेवले होते, दोरी ओढून मोटार चालू करून दाखवली. म्हटलं, आई, काल माझंच चुकलं, दोष कॉइलचा होता. हळदीने काय होतंय? पुढच्या वर्षी पण तूच करायची. मोटार फटफटत होती. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, पदर सावरला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तुला त्यांच्यावानी न्हाई जमत." रागाने नाही हो. मी म्हशीची धार काढायला बसलो की म्हणायची, अगदी तसं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. एवढंच विचारायचं होतं, की इतकी वर्षं तिला ते खोटं सांगताना तुम्ही तिच्या तोंडाकडे बघायचात की आणखी कुठे? मी मोटारीकडे बघत होतो.