सुशांतचे केशर आणि यशवंतपूरचे घर

मी, व्यंकटेश ज्योतिबा शिंत्रे, वय एकोणऐंशी, धंदा मसाल्याचा (आता बंद), राहणार यशवंतपूर, बेंगळुरू, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत आहे. कोणाचे दडपण नाही, आणि कोणी दिलेले गोडधोड खाऊनही लिहीत नाही. दिवाळी नुकतीच झाली, म्हणून हे मुद्दाम नमूद केले.

कलम १. राहते घर माझे स्वकष्टार्जित. जन्मभर मिरच्या हुंगून ते बांधले. डोळे मिटून ब्याडगी कुठली नि गुंटूर कुठली ते सांगत असे. बाजारात मला मूगु अण्णा म्हणत, म्हणजे नाकवाला अण्णा.

कलम २. मुलगा सुशांत दुबईला असतो. या घराची एक वीटही त्याला मिळू नये. गेल्या काही दिवाळ्या तो डबे पाठवतो आहे: केशर, व्हॅनिलाच्या शेंगा, धुरावलेल्या मिरचीची पूड. एकालाही वास नाही! केशर दुधात टाकले, रंग आला, वास शून्य. मसालेवाल्या बापाला पोराने रंगवलेले गवत पाठवावे? फोनवर म्हणतो, "अप्पा, दुकानातलं सगळ्यात भारी आहे हो." चोराच्या उलट्या बोंबा! आणि घराचा भाव वाढल्यापासूनच हे प्रेम कसे उतू चालले?

कलम ३. मुलगी सुप्रीता, येलहंक्याला दिलेली. करंज्या घेऊन आली, त्यात वेलदोडाच नाही. "घातलाय अप्पा, स्वल्प जास्तच पडलाय," म्हणाली. मी तिलाच आधी एक खायला लावली, मग दुसरी. तिला काही झाले नाही, एवढेच सिद्ध झाले. तिलाही काही देऊ नये.

कलम ४. पुतण्या दयानंद कधीच काही पाठवत नाही. त्याच्यावर संशय घ्यायला जागाच नाही. सबब घर त्याला द्यावे.

कलम ५. इथवर लिहून झाल्यावर काल कपाट आवरताना एक बरणी सापडली. माझी पत्नी कै. कस्तुराबाई हिने शेवटच्या उन्हाळ्यात केलेला काळा मसाला, वर हिंगाचा खडा, तोंडाला फडके. मी फडके सोडले आणि नाक आत घातले. काहीच नाही. तेवढ्यात शेजारचा नागराज दारातूनच म्हणाला, "अक्कांचा मसाला ना अण्णा? बाहेरपर्यंत घमघमाट आलाय." खोटे बोलतोस, म्हटले. तर तो शिंकायला लागला.

सुशांतवर संशय घेता येतो, सुप्रीतावर येतो, नागराजवर तर घ्यावाच. कस्तुराबाईवर घेता येत नाही. माझे नाकच गेले आहे. केव्हा गेले देव जाणे. रात्री जेवलो नाही. फार वाईट वाटले.

कलम ६. खाडाखोड दिसली की लोकांना शंका येते, म्हणून कलम २, ३ व ४ न खोडता या कलमाने रद्द करतो. घर सुशांत व सुप्रीता यांना निम्मेनिम्मे. दयानंदला काही नाही. तो कधीच काही का पाठवत नाही, याचाही तपास व्हावा.

कलम ७. कस्तुराबाईची बरणी दोघांची. तिच्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये. सुशांत येईल तेव्हा दोघांनी ती माझ्यासमोर उघडावी, आणि आईच्या मसाल्याचा वास कसा येतो ते मला सांगावे. सांगाल ते मी खरे मानीन.

सही: व्यं. ज्यो. शिंत्रे
साक्षीदार: १. नागराज, शेजारी. २. धनलक्ष्मी, नागराजची पत्नी.
आम्हा दोघांसमक्ष वाचून, मग सही केली.
स्थळ: यशवंतपूर, बेंगळुरू
दिनांक: ८ नोव्हेंबर २०२४