शेवटच्या रिळातला माणूस पुसू नये

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, आयुष्यभराचा व्यवसाय लोकांना गाडी शिकवणे, आज पूर्ण शुद्धीवर, चष्मा लावून आणि कोणीही कान भरलेले नसताना माझी अखेरची इच्छा लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मुलांनी हवा तर तो भिंतीवर लावावा.

१. राहते घर थोरल्या लेकीला आणि धाकट्या लेकाला समसमान. वाटणीची भिंत घातलीच, तर खिडकीच्या मधोमध घालू नये. अर्ध्या खिडकीतून कोणालाच धड दिसत नाही.

२. शिकवणीची गाडी सूनबाईला. लेकाला नाही. तो अजूनही क्लचवर पाय ठेवून गाडी हाकतो, आणि हे मी त्याच्या तोंडावर अनेकदा सांगितलेले आहे.

३. माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यांत 'तहानलेली चाकं' या सिनेमाची रिळे आहेत. जग संपले आहे, पाण्याचा एकच टँकर उरला आहे, सगळे गुंड त्याच्या मागे आहेत आणि एक बाई तो चालवते, एवढीच त्याची गोष्ट. पडद्यावर जी नायिका दिसते तिला सायकलही येत नव्हती. टँकर मी चालवला. पाठमोरी आणि धुळीत दिसते ती सगळी मीच.

नातू म्हणतो, "आजी, किती जुनाट आहे हे! धूळसुद्धा खोटी वाटते."

बाळा, ती धूळ पुढे कित्येक दिवस माझ्या नाकातून निघत होती. हल्लीच्या सिनेमात दहा गाड्या हवेत उडतात आणि बघणाऱ्याच्या हातचा चहा हिंदकळत नाही. यात एकच ट्रक उलटतो, पण आपल्या बरगड्या दुखतात, कारण तो खरोखर उलटला होता. नायक फारसा बोलत नाही, हाही एक उपकारच. आणि शेवटी ती बाई पाण्याचा सौदा करत नाही, नळ उघडते. मग गुंडसुद्धा भांडी घेऊन रांगेत उभे राहतात. जग बुडाल्यावर माणसे एकमेकांना ओरबाडतील हे कोणीही दाखवेल. रांग लावतील, हे दाखवायला छाती लागते. म्हणून नातवाने फोन दुसऱ्या खोलीत ठेवून हा सिनेमा एकदा पुरता पाहावा.

४. शेवटच्या रिळाबद्दल. टँकर उतारावरून येऊन पडक्या भिंतीपाशी थांबायचा होता. ऐन वेळी ब्रेक लागेना. ज्याने तो टँकर जोडला होता तो वेल्डर कॅमेऱ्याची पर्वा न करता मधे धावला आणि ओरडला, "गियरवर उतरवा! गियरवर!" मी गियर पाडत, टँकर वाळूच्या ढिगाला घासत आणला. भिंत हातभर उरली तेव्हा तो थांबला.

खाली उतरून मी त्याच्यावरच खेकसले, "शॉट बिघडवलात! मला कळत नाही का गियरवर उतरवायचं?"

"कळतं हो," तो म्हणाला. "मलाच राहवलं नाही."

पुढच्या वर्षी आमचे लग्न झाले. दिग्दर्शकाकडे फिल्म उरली नव्हती, त्यामुळे तो शॉट तसाच राहिला. जग संपून गेले आहे आणि मधूनच इस्त्री केलेल्या चौकड्यांच्या शर्टातला एक माणूस धावत जातो. थिएटरात तिथे हमखास हशा पिकायचा. सगळ्यांत मोठ्याने आमचे हे हसायचे.

५. गेल्या महिन्यात निर्मात्याचा मुलगा आला. चाळिशीचा, टक्कल पडलेला, अदबीचा. त्याच्याकडची रिळे कुजली होती, सिनेमा नव्याने झळकवायला माझी हवी होती. जुन्या कॅसेटवरून केलेला नमुना त्याने मला दाखवला. उतार होता, टँकर होता. मधली वाळू मोकळी होती.

"काकू, ती चूक काढून टाकली."

"चूक नाही ती. माझा नवरा आहे."

त्याने नमुना बंद केला. मग म्हणाला, "पण लोक हसतील हो."

"हसू देत. हे गेल्यापासून त्यांना बघून कोणी हसलेलं नाही."

त्याने चहा घेतला नाही, तसाच गेला. आठवडाभराने फोन आला: "काकांना राहू दे. शर्टाचा रंगसुद्धा नीट आणतो." म्हणून सर्व रिळे त्याला देत आहे.

६. सिनेमाच्या नायकाने प्रत्येक मुलाखतीत टँकर आपणच चालवला असे सांगितले. त्याला क्षमा नाही. माझ्या इस्टेटीत ती शिल्लक नाही.

७. वेल्डिंगचा मुखवटा आणि हत्यारे लेकीला. तिचा हात वडिलांसारखा स्थिर आहे.

८. नणंदेला काही नाही. वकीलबाई म्हणतात, साक्षीदाराला काही देऊ नये. हे ऐकून नणंदबाई कडाडल्या, "मग सही दुसऱ्या कोणाची घे! तुझ्या त्या टँकरपायी माझा भाऊ मरता मरता वाचला, आणि मला रिकामं भांडंही नाही?"

मी म्हटले, "वन्सं, आता या घरात माझ्याशी भांडणारं दुसरं कोण उरलंय?"

बराच वेळ त्या पेनाच्या टोपणाची उघडझाप करत बसल्या. मग कागद ओढून घेतला. "करते सही. पण तू घाई करू नकोस."

हे मी वाचून पाहिले. खाडाखोड माझीच आहे.

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ मार्च

लिहून ठेवणारी: (सही)
साक्षीदार पहिली, नणंद: (सही)
साक्षीदार दुसरे, शेजारचे दातांचे डॉक्टर: (सही)